झोपेचा दवाखाना

प्रश्न साधा होता. जवळ कोणी नसताना तुम्हाला आवाज ऐकू येतात का? उत्तर हो किंवा नाही. सुरतेत पर्वत पाटियाच्या पलीकडे, यंत्रमागांच्या गल्ल्यांमधून हा प्रश्न घरोघर विचारला गेला आणि जवळपास सगळ्यांनी हो म्हटलं.

प्लेगला काही वर्षं होऊन गेली होती. शहर धुऊन-पुसून निघालं होतं आणि आरोग्याच्या नावाने कोणी दार वाजवलं तर लोक आता उघडत होते. तेवढ्या भरवशावर एका धर्मादाय दवाखान्याने समिती नेमली. या भागातल्या प्रौढ माणसांच्या मानसिक आरोग्यासाठी काय सोय हवी, ती कुठे, कोणत्या वेळी आणि कोणाच्या हातून व्हावी, हे ठरवून लिहून काढायचं, असं काम होतं. अध्यक्ष एक निवृत्त सर्जन होते. मानसोपचाराच्या डॉक्टर म्हणून एक तरुण गुजराती बाई होत्या. त्यांना सगळे डॉक्टरबेन म्हणत. बाकी चार-दोन व्यापारी, बहुतेक वेळ गप्प बसणारे. मी एका मराठी दैनिकाचा सुरतचा बातमीदार होतो. वस्ती बरीचशी खानदेशी आणि मला घरची अहिराणी येते, म्हणून मलाही बसवण्यात आलं. टिपण काढायचं आणि अडेल तिथे दुभाष्याचं काम करायचं.

प्रश्न विचारायला कॉलेजचे विद्यार्थी गेले होते. त्यांना फक्त हो आणि नाही मांडायचं होतं. ते त्यांनी चोख मांडलं.

उत्तरं समोर आली तेव्हा अध्यक्षांनी चष्मा काढला, पुसला आणि परत लावला. कोणी नसताना आवाज येणं हे त्यांच्या विद्येप्रमाणे गंभीर आजाराचं लक्षण होतं. त्या संध्याकाळी धोरणाचा पहिला खर्डा तयार झाला. आवाज ऐकणाऱ्यांपैकी ज्यांच्याबद्दल घरच्यांची किंवा कारखान्याची तक्रार आहे, त्यांना आधी दूरच्या मोठ्या मनोरुग्णालयात न्यायचं, त्यासाठी बस ठरवायची, आणि उरलेल्यांचं नंतर पाहायचं. वस्तीत दवाखाना काढण्याचा मुद्दा शेवटी एका ओळीत आला होता.

पहिल्या बसमध्ये कोण जाणार याची चर्चा झाली, तेव्हा त्यात माझा आतेभाऊ होता.

त्याला मी दादा म्हणतो. तो तरुणपणी धुळ्याकडून सुरतेला आला आणि मागावर लागला. कारखान्याच्या मागच्या भिंतीला टेकून शेठने खोल्या बांधल्या होत्या, त्यातल्या एकीत तो, वहिनी आणि दोन मुली राहत. भिंतीच्या पलीकडे माग. ते दिवसपाळी आणि रातपाळी दोन्ही चालत. खोलीत मांडणीवरची भांडी बारीक थरथरत असायची आणि पाहुण्यांखेरीज ते कोणाच्या लक्षातही येत नसे. वीज गेली की मात्र सगळ्या खोल्यांतली तान्ही पोरं एकदम उठून रडायला लागत. शांतता झाली की त्यांची झोप मोडायची.

त्या उन्हाळ्यात आत्या वारली. दादा गावी जाऊन तेराव्यापर्यंत थांबला आणि परत येऊन मागावर उभा राहिला. त्यानंतर त्याची झोप गेली. धागा तुटला तरी त्याला दिसेना, कापडात डाग राहू लागले, जेवताना डोळ्यांतून पाणी यायचं आणि कशाचं म्हणून विचारलं तर सांगता यायचं नाही. शेठने त्याला विश्रांतीसाठी गावी पाठवलं. हेतू चांगला होता. गावी त्याचा त्रास वाढला. तिथल्या शांत घरात तो भावांना म्हणाला की कानात आवाज येतात. भावांनी एकमेकांकडे पाहिलं. आई नुकतीच गेलेली, घर तेच. त्यांनी अर्थ लावला आणि अंगारे-धुपारे सुरू केले. दादा चार दिवसांत सुरतेला निघून आला, पण भावांचा निरोप त्याच्या आधी शेठकडे पोहोचला होता.

शेठचं म्हणणं सरळ होतं. माणूस बरा असेल तर मागावर उभा राहू दे. नसेल तर भाऊ घेऊन जाऊ देत, खोली दुसऱ्या कारागिराला लागेल. भाऊ न्यायला तयार होतेच. समितीची बस हा तिसरा रस्ता होता, आणि त्या रस्त्यानेही खोली जाणारच होती. धाकटी मुलगी गुजराती शाळेत सातवीला होती.

वहिनी मला एवढंच म्हणाली, "भाऊ, तुम्ही त्या मिटिंगमा बठतस ना? त्यासले सांगा, ह्या कोनले मारत नहीत, झोडत नहीत. मंग बसमा कसाले?"

मी सांगतो म्हणालो. बैठकीत मी नातं सांगितलं आणि त्याच्याबद्दलच्या चर्चेत बोलणार नाही असंही सांगितलं. अध्यक्षांनी मान डोलावली. वर्तमानपत्रातली ही शिस्त त्यांना आवडली असावी. दादाच्या ती काही उपयोगाची नव्हती.

खर्ड्यावर पहिली शंका डॉक्टरबेननी घेतली. त्या आठवड्यातून एकदाच येत, म्हणून प्रश्न विचारले गेले तेव्हा त्या नव्हत्या. उत्तरं त्यांनी दोनदा वाचली आणि अध्यक्षांना गुजरातीत विचारलं, "साहेब, इतक्या लोकांना हे होत असेल तर इथलं कापड विणतंय कोण?"

व्यापारी पहिल्यांदा हसले. अध्यक्ष हसले नाहीत. "तुम्हाला काय म्हणायचंय?"

"काहीच नाही. मला यातल्या चार जणांशी बोलायचंय. बसच्या आधी."

अध्यक्ष म्हणाले, बोला. मग त्यांनी माझ्याकडे पाहून म्हटलं की दुभाष्या लागेल, आणि नातं असलं तरी भाषांतराला हरकत नसावी.

आमच्या कचेरीला या पाहणीचा सुगावा लागला होता. डेस्कवरून फोन आला. बहुतेक विणकरांना भास होतात, असं मथळ्यात बसेल का, असा सवाल होता. मी म्हटलं, अजून पक्कं नाही. पलीकडून उत्तर आलं, "पक्कं झाल्यावर ती बातमी राहील का?" मी बातमी दिली नाही.

कारखान्याच्या सुटीच्या दिवशी आम्ही दोघं आधी दादाच्या खोलीवर गेलो. माग बंद होते. गल्लीत अशी शांतता की सायकलच्या साखळीचा आवाज ऐकू यावा. वहिनीने खाटेवर धुतलेली चादर घातली होती. शेजारच्या खोल्यांतली माणसं दारात जमली. वऱ्हाडातला एक गवंडी, त्याची बायको, दोन-तीन विणकर, आणि शेठचा हिशेब पाहणारा मेहताजी, जो सहज आल्याचं दाखवत होता. डॉक्टरबेननी कोणाला हाकललं नाही. नंतर मी कारण विचारलं तर म्हणाल्या, दार लावून घेतलं असतं तर गल्लीने वेगळंच धरलं असतं.

दादा भिंतीला टेकून बसला होता. दाढी वाढलेली. बेन हिंदीत बोलल्या.

"आवाज आती है?"

"हां बेन, आता है."

"अभी भी? मशीन तो बंद है."

"अभी भी आता है."

दारातली कुजबुज थांबली. बेननी तोच सूर ठेवून विचारलं, "क्या बोलती है?"

दादाला प्रश्न कळला नाही. त्याने माझ्याकडे पाहिलं. मी अहिराणीत विचारलं, "दादा, तो आवाज काय बोलस?"

दादाने माझ्याकडे असं पाहिलं की वेडा कोण याबद्दल त्याची शंका फिटली असावी. "बोलस काय, भाऊ? चालस तो. मशीन शे ना. खटखट, खटखट. बोलाले काय मानूस शे का?"

मी भाषांतर करायच्या आत वहिनी म्हणाली, "तो आवाज त मालेबी येस. माहेरले गऊ तरीबी येस. बेन, तुमले नही येत का?"

मी दोन्ही वाक्यं ओळीने सांगितली. बेननी दाराकडे वळून विचारलं, "किसको किसको आता है?"

सगळ्यांचे हात वर झाले. गवंड्याचा सुद्धा, कारण तो माग चालवत नसला तरी सात वर्षं या भिंतीला डोकं लावून झोपत होता. मेहताजीनेही हात वर केला, मग आजूबाजूला पाहून खाली घेतला. एक विणकर म्हणाला, "मेहताजी, तुमनं नाव बसमा पह्यलं." हशा झाला, आणि त्या हशात दादाही थोडा हसला.

एवढीच चूक होती. मानसोपचाराच्या पुस्तकातून घेतलेला तो प्रश्न भास ओळखण्यासाठी होता. पण अवाज म्हणा की आवाज, गुजरातीत, मराठीत, हिंदीत, माणूस बोलतो तोही आवाज आणि यंत्र चालतं तोही आवाज. ज्यांच्या कानात वर्षानुवर्षं माग भरलेले होते त्यांना कोणी नसताना काय ऐकू येतं असं विचारल्यावर त्यांनी खरं तेच सांगितलं होतं. कानाचं दुखणं होतं, आणि ते डोक्याच्या खात्यात मांडलं गेलं होतं. गावी दादाचा त्रास का वाढला तेही आता कळलं. इथे तो आवाज मागांच्या आवाजात बुडून जायचा. गावच्या शांततेत तोच तेवढा उरला.

बेन हसण्यात सामील झाल्या, पण काम संपलं असं त्यांनी मानलं नाही. माणसं पांगल्यावर त्यांनी दादाला विचारलं की झोप कधीपासून गेली. या वेळी मी शब्दाला शब्द सांगत होतो.

"माय गयी तवयपासून."

"रोये थे?"

"रडाले येळच नही भेटना, बेन. तेरावं व्हयनं, गाडी धरी, पाळीवर उभा राह्यनू. आते रडू येस त कोनले सांगू? जेवता जेवता येस."

बेननी मान डोलावली. दुःख मोठं आहे, झोप गेल्यामुळे ते अजून मोठं झालंय, आणि यावर औषध आहे, असं त्यांनी सांगितलं. काही आठवडे गोळी घ्यायची, रातपाळी थांबवायची, आठवड्यातून एकदा येऊन बोलायचं. दादाने विचारलं, "मंग माले धाडतस का नही?"

मी विचारलं. बेन मला गुजरातीत म्हणाल्या, "कुठे धाडायचं? घर इथेच आहे ना?"

वहिनीने ते गुजरातीतच समजून घेतलं आणि चहा ठेवायला उठली.

शेठची गाठ त्याच दिवशी घेतली. गादीवर तो एकटाच होता. बेननी दिवसपाळीचं सांगितलं. शेठने हिशेबी आवाजात विचारलं, "गांडो तो नथी ने?"

गांडो हा शब्द गुजरातीत वेड्यासाठी रोजचा आहे. मराठी कानाला तो शिवीसारखा लागतो, आणि नव्याने सुरतेला आलेले आमचे लोक त्यावरून हमखास भांडण काढतात. बेन शांतपणे म्हणाल्या, "ना. ऊंघ्यो नथी, एटलुं ज." झोपलेला नाही, एवढंच.

"ऊंघ तो मनेय क्यां आवे छे, बेन."

"तो तमेय आवजो."

शेठ हसला, नंतर गंभीर झाला, आणि खालच्या आवाजात म्हणाला की दवाखाना कुठे आहे ते मेहताजीला सांगू नका, त्याला स्वतःला सांगा. दिवसपाळी त्याने कबूल केली. खोलीचा विषय त्यानेच काढला: "रूमनुं पछी जोईशुं." सुरतेत पछी जोईशुं, नंतर बघू, म्हणजे बऱ्याचदा विषय मिटला, असं धरायला हरकत नसते. तरीही वहिनीने पुढचे दोन महिने भांडी मांडणीवरून उतरवायच्या तयारीत ठेवली होती.

पुढच्या बैठकीत बेननी झालेला प्रकार सांगितला. अध्यक्षांनी परत चष्मा पुसला. मग त्यांनी खर्डा स्वतःच्या हाताने बाजूला ठेवला आणि म्हणाले, "बरं झालं, बस ठरवली नव्हती." त्या वाक्यात मोठा सुस्कारा होता. त्या भागात हजारो वेडे मोकळे फिरताहेत, हे ओझं घेऊन ते काही आठवडे झोपले नव्हते, असं त्यांच्या पत्नीने पुढे बेनना सांगितलं. धोरण ठरवणाऱ्या माणसाचीही तीच तक्रार निघाली.

त्यानंतरचं काम सोपं नव्हतं, पण सरळ होतं. प्रश्न नव्याने बांधला गेला. आवाज येतो का, एवढ्यावर थांबायचं नाही. तो बोलतो की चालतो, हे विचारायचं. बोलत असेल तर काय म्हणतो, नाव घेतो का, काही करायला सांगतो का. चालतो हा दादाचा शब्द होता आणि तो जसाच्या तसा राहिला. ज्या थोड्या माणसांचा आवाज खरोखर बोलत होता ती आता गर्दीतून वेगळी दिसू लागली. सगळेच हो म्हणत होते तेव्हा ती दिसलीच नसती. त्यांच्यासाठी बेननी जास्त वेळ ठेवला, आणि ज्यांना मोठ्या रुग्णालयात न्यावं लागलं त्यांच्याबरोबर घरचं माणूस गेलं.

भाषेवर दोन बैठका गेल्या. आम्ही शब्द गोळा केले. खानदेशी माणूस डोया लागत नही म्हणायचा. वऱ्हाडातला गवंडी म्हणायचा, जीव थाऱ्यावर नाही. मराठवाड्यातल्या एक बाई सांगायच्या, कशातच मन लागंना. पोरं सरळ टेन्शन म्हणायची. उदास हा शब्द कोणाच्याच तोंडी नव्हता, आणि आमच्या खर्ड्यात तो पानोपानी होता.

दवाखाना कुठे हे लवकर ठरलं. सर्दी-खोकल्याच्या दवाखान्यातच, त्याच बाकांवर, त्याच दारातून आत. वेळ सकाळी, रातपाळी सुटते आणि दिवसपाळी चालू होते त्या सुमाराला, म्हणजे कोणाची पाळी बुडू नये. पलसाण्याच्या रंगाईच्या कारखान्यांतल्या लोकांसाठी संध्याकाळची एक वेळ. इच्छापोरच्या कंत्राटी कामगारांचं काय, यावर वाद झाला. अंतर फार होतं, आणि ते पुढच्या टप्प्यावर ढकललं गेलं. ते योग्य झालं असं मला तेव्हाही वाटलं नाही.

मग पाटी. अध्यक्षांना मानसिक आरोग्य केंद्र हवं होतं. एक व्यापारी म्हणाला, लोक त्याला मेंटलचा दवाखाना म्हणतील आणि जो आत जाईल त्याला गल्ली मेंटल म्हणेल. गांडो हा गुजरातीतला रोजचा शब्द मराठी लोकांमुळे बाद. मनोचिकित्सा कोणाला वाचता येईना. तेव्हा बेन म्हणाल्या की वस्तीतल्या खोल्यांत भेटलेली प्रत्येक बाई एकच सांगते, झोप येत नाही. मी सांगितलं की गल्लीत लोक आताच त्याला झोपना दवाखाना म्हणू लागलेत.

"झोपेचा दवाखाना?" अध्यक्ष म्हणाले. "म्हणजे गोळ्या मागायला दारुडेही येतील."

"येऊ देत," बेन म्हणाल्या. "त्यांनाही झोप नाही."

धोरणाच्या कागदावर लांबलचक नाव राहिलं: प्रौढांसाठी मानसिक आरोग्य व स्वास्थ्य सेवा. पाटीवर मराठीत झोपेचा दवाखाना आणि वर गुजरातीत तेच लागलं. पहिल्या सकाळी मी बातमीसाठी उभा होतो. रातपाळी सुटलेले लोक अंगावर धाग्यांचा चुरा घेऊन रांगेत आले, आणि रांगेत नेहमीसारखीच थट्टा चालू होती. एकाने दुसऱ्याला विचारलं, "तू कसाले उना? तू त मशीनवर उभा उभा झोपस." शेठ त्या दिवशी आला नाही. पुढच्या आठवड्यात आला, मागच्या दाराने, तोंडाला रुमाल लावून, आणि सगळ्यांनी न पाहिल्यासारखं केलं.

दादा दर आठवड्याला जात राहिला. सुरुवातीला गोळीने तोंड कोरडं पडतं म्हणून कुरकुर करायचा. बेन विचारायच्या, रडू आलं का? तो म्हणायचा, आलं. नंतर म्हणायचा, थोडं आलं. गावच्या भावांना मी पत्र लिहिण्याऐवजी स्वतः जाऊन भेटलो. त्यांना हे पटायला वेळ लागला. कानाच्या आवाजापेक्षा आईचा आवाज त्यांना जवळचा वाटत होता. शेवटी थोरला म्हणाला, "मंग आमलेबी तसं व्हई का?" मी म्हटलं, मागावर आलास तर होईल. तो म्हणाला, नको.

पावसाळा संपता संपता दादाने आपणहून शेठकडे परत रातपाळी मागितली. बेननी महिनाभर थांब म्हटलं, तो थांबला, आणि मग आठवडाभर रातपाळी करून पाहिली. त्या आठवड्यात एका दुपारी बेन आणि मी त्याच्या खोलीवर गेलो. झोप टिकते का, हे त्यांना प्रत्यक्ष विचारायचं होतं. माग पुरे चालू होते. मांडणीवरची भांडी थरथरत होती, आणि ती पूर्वीच्या जागी होती.

वहिनी दारातच आडवी आली. बोट ओठांवर. त्या आवाजात कुजबुजण्याला काही अर्थ नव्हता, तरी ती कुजबुजली.

"त्या झोपेल शेतस. आते उठाडू नका."

बेननी तिच्या खांद्यावरून आत पाहिलं. दादा भिंतीकडे तोंड करून, एक हात डोक्याखाली घेऊन झोपला होता. भिंतीपलीकडे खटखट चालली होती. बेन म्हणाल्या, ठीक आहे, आता विचारायचं काही राहिलं नाही. आम्ही चप्पल घालून परत फिरलो.